ओंडका नव्हता तो, आई

आई, तुमची काठी मी दिली नाही.

गुरुवारी तुमची तेरवी झाली. पंगत उठली, पाहुणे पान खाऊन सैल बसले आणि आत्यांनी विषय काढला. आत्या म्हणजे तुमच्याच वन्सं, दापोलीहून एवढा प्रवास करून आलेल्या. त्यामुळे त्या सांगतील ते ऐकायचं, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं होतं. गेलेल्या माणसाच्या नावानं घरातल्यांनी एकेक आवडती वस्तू सोडायची असते, असं त्या म्हणाल्या. ही रीत आमच्याकडेही आहे. तुमच्या लेकानं ताबडतोब कारलं सोडलं. लग्नानंतर मी पहिल्यांदा कारलं वाढलं तेव्हा हे ताट सरकवून उठले होते, तेव्हापासून आपल्या घरात कारलं शिजलेलं नाही. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या आणि यांचं कौतुक झालं.

मग आत्या माझ्याकडे वळल्या. मी काय सोडायचं हे त्यांनी दापोलीहून निघतानाच ठरवलेलं असावं. मी मासे धरणं सोडायचं. आणि तुमची गळाची काठी, दोरी गुंडाळायची ती चरखी, तो पिसांचा डबा असं सगळं नदीत सोडून यायचं. एका बाईनं दुसऱ्या बाईला लावलेलं वेड आहे, तिच्याबरोबर संपू दे, असं त्यांचं म्हणणं. बोलल्या मात्र प्रेमानं. रागानं बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी यांच्याकडे पाहिलं. हे सुपारी कातरत होते. सुपारी इतकी बारीक कातरली जात होती की तिचा भुगा झाला होता. मला राग आला की माझी भाषा माहेरची होते, तुम्हाला ठाऊकच आहे.

"आत्या, मी काहीच सोडून नाही राहिली," मी म्हटलं. "रविवारी नदीवर जाऊन राहिली, अन् काठी घेऊन जाऊन राहिली."

भरल्या घरात असं बोलायला नको होतं, असं नंतर यांनी सांगितलं. असेल. पण आई, आपलं भांडण मिटलेलं नव्हतं. कार्तिकात तुमच्या दोरीला जे लागलं ते काय होतं, यावर आपण पाच महिने भांडलो आणि ते भांडण अर्धं टाकून तुम्ही निघून गेलात. काठी नदीत सोडली असती तर तुमचाच शब्द शेवटचा ठरला असता. तो मी ठरू देणार नव्हते.

तुम्ही आलात तो दिवस आठवतो. मामंजी गेले आणि कुलूच्या डोंगरातलं बिऱ्हाड मोडून तुम्ही आमच्याकडे, शहरातल्या नंदनवन वस्तीत राहायला आलात. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. मला वाटलं, मामंजींची काठी असेल, आठवण म्हणून आणली असेल. माहेर तुमचं मालवणकडचं, संसार सगळा हिमालयात. मामंजी रस्त्यांची मोजणी करत हिंडायचे आणि तुम्ही तंबूत बसायच्या. तिथल्या एका म्हाताऱ्या मडमेनं तुम्हाला गळाला पिसांची खोटी माशी बांधून ट्राउट मासा धरायला शिकवलं, हे मला नंतर कळलं. लग्नाआधी यांनी मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. आई मासे धरते हे सांगायला यांना लाज वाटत होती, आणि मी कुणब्याची पोर, मला सांगितलं असतं तर मी उलट खूश झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता तुम्ही विचारलंत, इथली नदी कुठं आहे. हे म्हणाले, या शहराचं नावच नदीवरून पडलंय, आणि तुम्हाला हौसेनं नाग नदी दाखवायला घेऊन गेले. तुम्ही पुलावर उभ्या राहिल्यात, खालचं काळं पाणी पाहिलंत, नाकाला पदर लावलात आणि परत फिरलात. घरी येऊन एवढंच म्हणालात की तुमच्या गावाला पाणीच नाही. ते वाक्य मला लागलं. मी कन्हानकाठची आहे. खाप्याच्या पुढं आमचं गाव, अंगणातून नदी दिसते. मी म्हटलं, "पाणी काहून नाही? तुम्ही पाह्यलं कुठं अजून?" सासूला असं उलट बोललेली मी पहिलीच असेन. तुम्ही माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलंत ते तेव्हाच.

मग तुम्ही पाणी शोधायला निघालात, पण नदीवर नाही, बाजारात. मला तेव्हा हसू आलं होतं. मासोळी विकायला बसणाऱ्या बायकांसमोर तुम्ही तासन्‌तास उकिडव्या बसायच्या. कुठला मासा कुठून आला, जाळ्यात सापडला की गळाला, कोणत्या महिन्यात कोणता दिसतो, सगळं विचारायच्या. विकत मात्र घ्यायच्या पोटातली घाण. त्या बायका तुम्हाला खुळी समजायच्या आणि फुकट द्यायच्या. कागदाच्या पुडीत आतडी बांधून तुम्ही घरी आणायच्या, व्हरांड्यात पाटावर पसरून सुईनं उसवायच्या आणि आतून काय निघतं ते पाहायच्या. आमच्या घरांची सगळी लाइन नाकाला रुमाल लावून चालायची. माशानं काय खाल्लंय ते कळल्याशिवाय त्याला काय दाखवायचं ते कसं कळणार, असं तुमचं म्हणणं. कुलूतही तुम्ही हेच करायच्या. मरळाच्या पोटात एक अख्खा बेडूक निघाला आणि दोन नाकतोडे, तेव्हा तुम्ही मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलंत. माझे हात कणकेचे होते. तुमचा चेहरा असा उजळला होता की मी घाण वास विसरून वाकून पाहिलं.

मरळ आम्हाला लहानपणापासून माहीत. गावतळ्यातला मासा, चिखलातही जगतो, वर येऊन हवा घेतो, पिल्लांवर कोणी आलं तर अंगावर धावतो. आमच्याकडे त्याला बेडकी लावून धरतात. कणकेचा गोळा आणि गांडूळ हे तर सगळ्या गावाला ठाऊक. तुमची अट एकच होती. गळावर जिवंत काही लावायचं नाही. पिसं, लोकर, दोरा, केस एवढ्यातच माशाला फसवायचं. मी म्हटलं, पोट भरायचंय की परीक्षा द्यायचीय? तुम्ही म्हणालात, परीक्षा.

आणि मग शेजारच्या ढोमणेकाकूंची ती गोष्ट. ती आठवली की अजून मला एकाच वेळी हसू आणि संताप येतो. मागच्या मोकळ्या प्लॉटवर तुम्ही रोज सकाळी दोरी फेकायचा सराव करत होतात. पांढरी साडी खोचून उभी राहिलेली बाई, हातात लवलवती काठी, डोक्यावरून पुढं मागं जाणारी दोरी. शेजारणींनी आधी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग एक दिवस वाऱ्यानं दोरी भरकटली आणि टोकाची माशी तुटून ढोमणेकाकूंच्या वाळत घातलेल्या दुपट्यात जाऊन अडकली. त्यांच्या तान्ह्या नातवाचं दुपटं. पोराला आदल्या रात्रीपासून ताप होता. आता त्यांना दुपट्यात काय सापडलं? एक वाकडा गळ, त्याला लाल दोरा गुंडाळलेला, मोराचं पीस आणि बाईच्या डोक्याचे काळे केस. करणी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

दुपारी त्या ती वस्तू सुपात घालून आपल्या दारात आल्या. हात लावायची कोणाची छाती नव्हती. मागे लाइनीतल्या सगळ्या बायका. मी घाबरले, कारण हे प्रकरण कुठवर जाऊ शकतं ते मला आमच्या भागात राहून माहीत होतं. तुम्ही शांतपणे सुपातून ती माशी उचललीत, पदराला पुसलीत आणि म्हणालात, "माझीच आहे. बरं झालं सापडली, चांगली बांधली गेली होती." कोणाचे केस आहेत, असं ढोमणेकाकूंनी विचारलं. तुम्ही म्हणालात, सुनेचे, माझे पांढरे काय उपयोगाचे? मी कपाळावर हात मारला. कंगव्यातले केस गुंडाळून, त्यावर थुंकून टाकायचे, नाहीतर कोणीतरी त्यावर काहीतरी करतं, असं मला आईनं शिकवलेलं. आणि माझी सासूच ते गोळा करत होती.

तुम्ही माफी मागितली नाहीत. मागावी, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं होतं. त्याऐवजी तुम्ही आतून माशी बांधताना टेबलाला लावायचा तो छोटा चिमटा आणलात, ओट्याला घट्ट केलात आणि सगळ्या बायकांसमोर बसून नवी माशी बांधलीत. हे पीस अंबाझरी तलावाच्या काठी सापडलं, हा दोरा सुनेच्या शिवणाच्या डब्यातला, हे केस तिचे, आणि हे तुमच्या घरच्या कोंबड्याचं पीस, अंगणात पडलं होतं म्हणून उचललं, असं एकेक दाखवत. बांधून झाल्यावर ती बादलीतल्या पाण्यावर सोडलीत आणि ती तरंगली. "यानं करणी होत असती तर मी आधी कुलूतल्या ठेकेदाराला केली असती," असं तुम्ही म्हणालात. दोघीचौघी हसल्या. ढोमणेकाकूंनी तरी उंबऱ्यावर लिंबू कापलंच. पोराचा ताप दोन दिवसांत उतरला, तो लिंबानं उतरला असं त्यांचं मत.

त्या संक्रांतीला बऱ्याच जणींनी मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तुम्हाला तर विधवा म्हणून बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी तुम्ही माझ्या खोलीच्या दारात आलात आणि माझ्यामुळे तुला त्रास झाला का, असं विचारलंत. मी म्हटलं, मला काठी धरायला शिकवा. शिकवण्याआधी तुम्ही रडलात की हसलात ते मला अंधारात दिसलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. आता विचारावंसं वाटतं.

तुम्ही वाईट शिकवायच्या, आई. आता बोलूनच टाकते. कधी शाबासकी नाही, नुसतं "थांब". दोरी मागे जाते तेव्हा थांबायचं, ती मागे सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढं टाकायची. मला थांबता येत नसे. मी लवकर पुढं ढकलायची आणि दोरीचा गुंता माझ्याच डोक्यावर येऊन पडायचा. "तुमच्या अंगात राग आहे, तो काठीत उतरतो," असं तुम्ही मला म्हणायच्या. रागावल्या की तुम्ही मला अहोजाहो करायच्या, माझे लाड करायच्या तेव्हा "गो विमल".

मोपेडवर मागे तुम्ही, मांडीवर आडवी काठी, आणि आपण शहराबाहेर वाडीला जायचो. तिथं यांच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामांमागं एक तळं होतं. हमाल आणि ड्रायव्हर जेवणाच्या सुट्टीत काठावर येऊन बघत बसायचे. साहेबांची आई तळ्यावर माशा मारते, असा ऑफिसात विनोद झाला आणि हे आठवडाभर आपल्या दोघींशी बोलले नाहीत. आपण दुसरं तळं शोधायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, तळ्याला ऑफिस नसतं. आपण तिथंच जात राहिलो.

पण तुमच्या नाजूक माशांकडे मरळ ढुंकूनही बघेना. त्या माशा कुलूच्या थंडगार पाण्यासाठी बांधलेल्या, नखाएवढ्या. आणि तुम्ही हट्टानं त्याच टाकत राहिलात. मग पोळ्याचा बाजार भरला. बैलांच्या शिंगांना बांधायचे लाल पिवळे गोंडे टांगलेले होते. मी एक विकत घेतला, घरी येऊन सोडवला आणि मोठ्या गळावर त्याची अंगठ्याएवढी गलेलठ्ठ माशी बांधली, आत माझे केस. तुम्ही ती चिमटीत धरून फिरवलीत आणि विचारलंत, ही माशी आहे की वरातीचा घोडा? दुसऱ्या दिवशी त्याच घोड्याला मरळ लागला. कमळाच्या पानांतून वर आला, पाणी फुटल्याचा आवाज झाला आणि काठी माझ्या हातातून जाता जाता राहिली. हमालांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री मी त्याचा रस्सा केला, तुम्ही दोनदा भात घेतला आणि म्हणालात, चव चांगली आहे, पण हा मोजायचा नाही. का? तर मरळ रागीट मासा, त्याच्या अंगावर चप्पल फेकली तरी तो धरेल. माशी ओळखून, बघून, मन वळवून जो घेतो तो खरा. म्हणजे वाहत्या पाण्यातला. म्हणजे तुमच्या कुलूतला.

इथं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, माझ्या माहेरच्या नदीत महाशीर आहे. वाहत्या पाण्यातला, शहाणा, तुमच्या ट्राउटहून दसपट मोठा. तुम्ही म्हणालात, नुसतं सांगू नकोस, दाखव.

तेव्हापासून आपण वर्षातून दोनदा खाप्याची एस. टी. धरायचो. माझा धाकटा भाऊ नामदेव आपल्याला वळणावरच्या डोहापाशी घेऊन जायचा. तिथं तो काळा सपाट खडक आहे, तो तुम्ही पहिल्याच दिवशी स्वतःचा म्हणून ठरवून टाकलात. महाशीर आपण पाहिले, खाली सावलीसारखे सरकताना. माशीकडे ते यायचे, नाकानं जवळजवळ शिवायचे आणि वळून जायचे. नामदेव दरवेळी म्हणायचा की शेंगदाण्याची पेंड लावा, आत्ता धरून देतो. तुम्ही दरवेळी त्याला चहा प्यायला घरी पाठवायच्या. दरवेळी रिकाम्या हातानं परत. एस. टी.त तुम्ही खिडकीशी बसायच्या आणि मी खूप काही बोलायची, मोसम चुकला, पाणी गढूळ होतं, ऊन फार होतं. माझ्या नदीची वकिली मीच करत होते. तुम्ही फक्त ऐकायच्या.

आणि मग मागचा कार्तिक. त्या दिवशी तुम्ही डबा उघडला, बराच वेळ पाहत बसलात आणि तुमच्या त्या नखाएवढ्या माशा बाजूला सारून माझा घोडा उचललात. माझा लाल गोंडा. मी तिकडे पाहत नाही असं दाखवलं. तुम्ही खडकावर उभ्या राहिल्यात, दोरी मागे गेली, थांबली, पुढं गेली. माशी डोहाच्या मधोमध पडली, बुडाली आणि दोरी ताठ झाली. काठी पार पाण्यापर्यंत वाकली. चरखी ओरडली. ती ओरडलीच, आई, हे मी कोणत्याही देवळात सांगेन. दोरी आधी जागीच थांबली, मग वरच्या अंगाला, प्रवाहाच्या उलट, हातभर सरकली आणि तुटली.

तुम्ही रिकामी दोरी हातावर गुंडाळलीत आणि म्हणालात, "ओंडका."

ओंडका प्रवाहाच्या उलट जातो का? माझ्या नजरेचा भास, असं तुम्ही म्हणालात. चरखी? ती जुनी आहे, कुरकुरते. तुमचा नियम मला माहीत होता. काठावर आला तोच मासा, न दिसलेल्या माशाच्या बढाया मारणारे क्लबातले साहेब तुम्ही कुलूत पुष्कळ पाहिले होते आणि तुम्हाला त्यांची चीड होती. पण आई, मला असंही वाटतं की तो गोंड्याला लागला म्हणून ओंडका झाला. तुमच्या मोरपिसाला लागला असता तर? बोला ना.

फाल्गुनात तुमची छाती दुखायला लागली आणि हॉस्पिटलात नेलं. तिथं दुपारी मी संत्र्याच्या फोडी सोलून देत होते. मी म्हटलं, आई, आता तरी कबूल करा, तो मासा होता. तुमचा आवाज बारीक झाला होता, पण त्यातला ताठा तसाच होता. "काठावर आण गो, मग बोलू." त्यानंतर तुम्ही माझ्याशी बरंच बोललात, औषधाचं, दुधाचं, यांच्या बनियनचं. पण माझ्या मते आपलं शेवटचं बोलणं तेच.

गुरुवारचं राहिलंच. मी रविवारी नदीवर जाणार म्हणाले. आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता मी एकटी. तेव्हा दाराशी बसलेल्या ढोमणेकाकू बोलल्या. मांडीवर हात आपटून बोलल्या.

"जाऊ द्या वं तिले. माह्या नातवाच्या दुपट्यात सापडली होती ती माशी, काय झालं त्याले? घोड्यासारखा धावून राहिला."

आई, तुम्ही हे ऐकायला हवं होतं. त्यांचं लिंबू कुठं गेलं, असं तुम्ही नक्की विचारलं असतं. मी नाही विचारलं. मी उठून त्यांना पाणी दिलं. आणि तुमच्या लेकानं तो सुपारीचा भुगा खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हटलं की पहिली एस. टी. साडेसहाची आहे. एवढंच. पण कारलं सोडण्यापेक्षा ते मोठं होतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगणार नाही.

आज रविवार. आज मी गेले होते.

चैत्रातली कन्हान तुम्ही पाहिलीच नव्हती, आपण दरवेळी पाणी भरलेलं असतानाच गेलो. आता ती आटून एका अंगाला लागली आहे. डोह राहिलाय, पण उथळ. तळाचे गोटे वरून दिसतात. तुमच्या खडकावर उभी राहिले आणि मला पहिल्यांदा रडू आलं, तेरवीलाही आलं नव्हतं. थोडा वेळ रडू दिलं. मग मी साडी वर खोचली आणि पाण्यात उतरले. नामदेव काठावरून ओरडला की ताई, काय शोधून राहिली? मी म्हटलं, ओंडका.

तुमची दोरी जिथं ताठ झाली ती जागा मला पक्की माहीत आहे. खडकाच्या टोकापासून समोरच्या करंजाच्या झाडाकडे सरळ. मी तिथं कमरेइतक्या पाण्यात उभी राहिले आणि पायानं सगळा तळ चाचपला. पुढं, मागं, वरच्या अंगाला, खालच्या अंगाला. रेती आणि गोटे. फांदी नाही, मूळ नाही, जुन्या जाळ्याचा तुकडासुद्धा नाही. नामदेवही उतरला. तो म्हणाला, "इथं कुठला ओंडका वं ताई? इथं आपल्या म्हशी बसतात. लहानपणी तूच त डुंबाची इथं."

आता तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. ओंडका वाहून गेला. म्हणून मी नामदेवला आधीच विचारून ठेवलं. दसऱ्यानंतर नदी एकदाही चढलेली नाही, आई. एक सर नाही, एक पूर नाही. कार्तिकात जे तिथं होतं ते आज तिथं असायला हवं होतं, जर त्याला स्वतःचे कल्ले आणि शेपूट नसतील तर. आणि माझी माशी तोंडात घेऊन तुमच्यासारख्या बाईची दोरी तोडून गेलेलं ते, तुमच्या ट्राउटहून शहाणं, याच डोहाच्या वरच्या अंगाला कुठंतरी खोल पाण्यात बसलेलं आहे. माझ्या नदीत. पाणी नाही म्हणालात त्या मुलखात.

मला तुमच्याशी भांडून जिंकायचं होतं आणि मी जिंकले, आणि कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मला ते कोणाला सांगावं ते कळेना. नामदेवला सांगितलं. तो म्हणाला, बरं. मला त्याचा राग आला. तुम्ही असतात तर बरं म्हणाला नसतात. तुम्ही तीन नव्या शंका काढल्या असत्या, परतीच्या एस. टी.त मला झोपू दिलं नसतं, आणि मी घरी येऊन भांडी आपटली असती. ते सगळं मला हवं आहे. तुम्ही मला कधी शाबास म्हणाला नाहीत, त्याचं मला आता काही वाटत नाही. तुम्ही त्या दिवशी डब्यातून माझा गोंडा उचलला होता. मी पाहत नव्हते असं दाखवलं, पण मी पाहिलं होतं. हे सांगायचं राहून गेलं.

कंगव्यातले केस मी अजून फेकत नाही. तुमच्याच डब्यात ठेवते. काल त्यातूनच नवी माशी बांधली, लाल गोंड्याची. दोऱ्याची एक गाठ वाकडी बसली आहे, ती तुम्हाला लगेच दिसली असती.

पाण्यातून बाहेर आले, ओल्या साडीनिशी तुमच्या खडकावर उभी राहिले आणि तुमची काठी जोडली. वरच्या अंगाला, जिथं पाणी अजून काळं आहे, तिकडे तोंड केलं. दोरी डोक्यावरून मागे गेली. काठावर तर आणेनच, पण आज घाई नव्हती. तुम्ही थांब म्हणायच्या तेवढी थांबले, मागे ती अगदी सरळ होईपर्यंत, आणि मग पुढं टाकली.